कुणाचा रे तू?

“तायडे, यादी रिकामीच आहे की.”

व्हिडिओ कॉलवर पप्पांनी मोबाईल लॅपटॉपसमोर धरला होता, तोही आडवा. मी पुण्यातल्या माझ्या खोलीत मान वाकडी करून वाचत होते. डावीकडच्या चौकटीत बॅकअपची फाईल नीट दिसत होती: नाव, आकार, तारीख, सगळं. उजवीकडे, जिथे तो बॅकअप उतरवायचा, तिथे काहीच नव्हतं. लॅपटॉपच्या आत बसलेली डिस्क, जिच्यात पप्पांचं सगळं काम होतं, ती त्या पेन ड्राईव्हच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार, संध्याकाळचे सात वाजले होते. आणि २० तारीख मंगळवारी होती.

ज्यांच्या घरात कुणी कर सल्लागार नाही त्यांना २० तारखेचं काही वाटत नाही. आमच्या घरात महिना ११ आणि २० या दोन तारखांवर टांगलेला असतो. ११ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील. २०ला ३बी, म्हणजे कर भरून हिशोब मिटवणं. चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, विवरण निरंक असेल तर २०, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. पप्पा कराडात ३१ दुकानदारांचं हे काम बघतात. किराणा, हार्डवेअर, खताची दुकानं, दोन बेकऱ्या. दंडाची रक्कम मोठी नसते, पण दुकानदार ती पप्पांच्या तोंडाकडे बघत भरतो, आणि पप्पांना ते सहन होत नाही.

त्या दिवशी सकाळी लॅपटॉप चालू केल्यावर निळी स्क्रीन आली होती. बूटची माहिती सापडत नाही, पीसी दुरुस्त करावा लागेल, अशा अर्थाचं काहीतरी. का झालं हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पप्पांनी पाच वेळा बंद-चालू करून बघितलं. मग स्टँडजवळच्या रिपेअरवाल्याकडे नेलं. त्याने स्वतःचा पेन ड्राईव्ह लावला, यादी बघितली आणि निकाल दिला, “एसएसडी उडालीय काका. नवीन टाकू. डेटा विसरा.”

पप्पा लॅपटॉप परत घेऊन आले आणि मग मला फोन केला. आधी का नाही केला, असं मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

*

इथे एक जुनं भांडण सांगायला हवं.

पप्पा पंचवीस वर्षं वह्यांवर काम करायचे. लाल कापडी बांधणीच्या कीर्द आणि खतावण्या, अक्षर छापल्यासारखं. पुढे टॅली आलं, ते त्यांनी शिकून घेतलं, पण वही सुटली नाही. दिवसभर टॅलीत नोंदी करायच्या आणि रात्री जेवण झालं की महत्त्वाच्या रकमा वहीत उतरवायच्या. मी इंजिनियर झाले, नोकरीला लागले, आणि २०२३च्या दिवाळीत त्यांना नवा लॅपटॉप घेऊन दिला. त्या वेळी जरा तोऱ्यातच म्हणाले, “पप्पा, आता दोनदा लिहायचं बंद करा. तुमचे डोळे जातायत. मी बॅकअप लावून देते. दर रविवारी आपोआप होईल. लॅपटॉप मेला तरी हा पेन ड्राईव्ह लावायचा, एक तासात सगळं होतं तसं.”

“नक्की?”

“अहो, मी हेच काम करते.”

त्यांनी वह्या थांबवल्या. माझ्या शब्दावर.

आता त्या शब्दाची अवस्था बघा. बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होत होता, पण कधीपर्यंत? जूनच्या सुरुवातीला वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या तशी पप्पांनी सवयीप्रमाणे घरातल्या सगळ्या पिना काढल्या. टीव्ही, फ्रिज, आणि ती हार्ड डिस्कही. बाकीच्या परत लागल्या, डिस्क कपाटात गेली. शेवटचा बॅकअप २ जूनचा. म्हणजे अडीच महिन्यांच्या नोंदी फक्त त्या न दिसणाऱ्या डिस्कवर होत्या. खरेदीची बिलं नोंद झाली की पप्पा ज्याची त्याला परत करतात, त्यामुळे कागदही घरात नव्हते. आणि वही तर मीच बंद केली होती.

पेन ड्राईव्हची कथा याहून वाईट. तो मी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर बनवला होता. नवा घेतल्यावर पुन्हा बनवायचा कंटाळा केला. पेन ड्राईव्ह तो पेन ड्राईव्ह, त्यात काय बदलणार? नव्या लॅपटॉपला लावून एकदाही बघितला नव्हता.

ऑफिसात मी ज्या सिस्टीमवर काम करते तिथे दर तीन महिन्यांनी रिस्टोअरची तालीम होते. बॅकअप घेतला हे कुणी ऐकूनच घेत नाही, परत उतरवून दाखव म्हणतात. असे नियम ठेच लागल्यावरच होतात. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या एका इंजिनियरकडून चुकून चालू डेटाबेसची फाईल-डिरेक्टरी उडाली. बॅकअपच्या पाच पद्धती ठरलेल्या होत्या. गरज पडली तेव्हा एकही धड चालेना. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. गिटलॅबने हे सगळं स्वतःच जाहीर केलं आणि आमच्यासारख्यांना ते शिकवलं जातं. मीही टीममध्ये नव्या आलेल्या पोरांना ही गोष्ट सांगते. घरी मात्र मी पप्पांना बॅकअप लावून दिला होता, रिस्टोअर नाही.

*

“डिस्क गेली असं तो म्हणतो,” पप्पा म्हणाले. “नवीन टाकायला सांगू का? उद्या रविवार आहे, तो येतो म्हणालाय.”

“थांबा. काहीही बदलायचं नाही. आधी एक बघू.”

पेन ड्राईव्ह काढून, पुन्हा चालू करून, लॅपटॉपच्या बायोसमध्ये जायला सांगितलं. एफ-२ वेळेवर दाबणं हे सत्तावन्न वर्षांच्या माणसाला फोनवरून शिकवणं सोपं नाही. चौथ्या वेळी जमलं. माहितीच्या पानावर त्यांनी बोट ठेवून वाचलं, “एनव्हीएमई... पाचशे बारा जीबी... पुढे काहीतरी मोठं नाव आहे.”

मी खुर्चीत मागे टेकले. डिस्क जिवंत होती.

न दिसणाऱ्या हार्डवेअरच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘दिसतंय का’ हा नसतो. ‘कुणाला दिसत नाही’ हा असतो. बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर ती सैल झाली असेल, नाहीतर खरंच मेली असेल. पण बायोसला दिसते आणि पेन ड्राईव्हला दिसत नाही, असं असेल तर खोट बघणाऱ्याच्या नजरेत आहे. रिपेअरवाला खोटं बोलत नव्हता. त्याच्या पेन ड्राईव्हला दिसलं नाही, म्हणून नाही. माझाही पेन ड्राईव्ह तेच म्हणत होता.

असं का होतं, ते माझ्या आजोळच्या भाषेत सांगते.

आजोळी गावात शिरलं की पारावरचा कुणीतरी म्हातारा हटकतो, “कुणाचा रे तू?” नाव सांगून उपयोग नसतो. आधी घराणं सांगायचं, मग त्यातला कितवा. “पाटलांच्या धाकट्याचा थोरला.” मग म्हाताऱ्याच्या डोक्यातली यादी फिरते, ओळख पटते आणि पुढचं बोलणं सुरू होतं. कॉम्प्युटरच्या आतलं प्रत्येक उपकरण हेच करतं. चालू होताना ते दोन आकडे सांगतं, एक कंपनीचा आणि एक त्या कंपनीच्या नेमक्या वस्तूचा. ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या यादीत तो जोड शोधते. यादी म्हणजे ड्रायव्हर. सापडला तर ओळख, नाही तर वस्तू समोर उभी असून नसल्यासारखी.

यातली एक गंमत इंजिनियरिंगवाल्यांना आवडेल. इंटेलचा कंपनी-आकडा आहे ८०८६. सेकंड इयरला ज्याच्या पिना पाठ करून आपण व्हायवा दिली तो १९७८चा प्रोसेसर. आजही इंटेलची प्रत्येक चिप जागी झाली की आधी तेच आडनाव सांगते.

आता आपला पेन ड्राईव्ह. रिकव्हरीच्या पेन ड्राईव्हमध्ये पूर्ण विंडोज नसतं, विंडोज पीई नावाची तिची छोटी आवृत्ती असते. ती पेन ड्राईव्हवरून उचलून रॅममध्ये मांडली जाते, स्वतःला एक्स नावाचा ड्राईव्ह देते आणि लॅपटॉप बंद केला की पुसली जाते. ती छोटी असते, कारण तिच्याकडची यादी छोटी असते. पेन ड्राईव्ह बनवला त्या दिवशी त्यात जेवढे ड्रायव्हर घातले तेवढेच. म्हणजे अनेक वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला म्हातारा. त्यानंतर झालेल्या नातवंडांची त्याला ओळख नसणारच.

नव्या लॅपटॉपमध्ये एक बदल झाला होता. इंटेलने सर्व्हरसाठी आणलेली व्हीएमडी नावाची सोय ११व्या पिढीपासून, म्हणजे २०२०पासून, लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्येही आली. ती चालू असेल तर एनव्हीएमई डिस्क थेट समोर येत नाही, व्हीएमडीच्या मागे जाऊन बसते. वाड्याच्या देवडीवर पहारेकरी असावा तसं. आत कोण आहे हे विचारायचं तर पहारेकऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बायोसला ते येतं, म्हणून त्याने डिस्कचं नाव सांगितलं. लॅपटॉपवरच्या विंडोजलाही येतं, कारण कंपनीने तो ड्रायव्हर आत घालून दिलेला असतो. माझ्या जुन्या पेन ड्राईव्हला मात्र देवडीवर एक अनोळखी माणूस दिसत होता आणि वाडा रिकामा वाटत होता.

टचपॅड चालत नव्हता त्याचंही कारण हेच. लॅपटॉपचा कीबोर्ड बहुतेक वेळा अजून जुन्या पद्धतीने जोडलेला असतो, तो ड्रायव्हरशिवाय चालतो. नवे टचपॅड वेगळ्या वाटेने जोडलेले असतात, त्यांना आपला ड्रायव्हर लागतो. पप्पांना वाटलं होतं टचपॅडही बिघडला. एका दिवसात डिस्क गेली, टचपॅड गेला, आता काय राहिलं, असं ते आईला म्हणाले होते. हे आईने मला नंतर सांगितलं.

मला होस्टेल आठवलं. एका मित्राने नवा पीसी जोडला आणि त्यावर विंडोज-७ टाकायला घेतली. इन्स्टॉलर सुरू झाला आणि माऊस-कीबोर्ड दोन्ही ठप्प. आम्ही तीन कीबोर्ड बदलले. विंडोज-७ २००९ची, तिच्याकडे यूएसबी-३चा ड्रायव्हरच नव्हता, आणि नव्या चिपसेटमधून जुनी यूएसबीची व्यवस्था काढून टाकली होती. शेवटी कॉलेजच्या भंगारातून गोल पिनेचा जुना कीबोर्ड आणला तेव्हा काम झालं. तेव्हा आम्ही हसलो होतो. त्या पीसीत कुणाचे अडीच महिने नव्हते.

*

फोनवरून एक सोपा मार्ग होता. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायची. देवडी पाडली की डिस्क थेट दिसते. कित्येक जण हेच करतात आणि कोऱ्या लॅपटॉपवर विंडोज टाकायची असेल तर ते ठीकही आहे. पण ज्या डिस्कवरची विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेली आहे, ती पुढे उभी राहीलच असं नाही. बूट करायची डिस्क सापडत नाही म्हणत निळी स्क्रीन देऊन बसू शकते. आणि माझ्या हातात अडीच महिन्यांची एकच प्रत होती. अशा वेळी चालेल बहुतेक, एवढं पुरत नाही. जे आहे ते आधी वाचवायचं, मग दुरुस्ती.

“मी येते,” मी म्हणाले.

“एवढ्यासाठी? सोमवारी राखीपौर्णिमा आहे, गाड्यांना ही गर्दी.”

“येते मी.”

त्या रात्री जायच्या आधी माझ्या लॅपटॉपवर दोन गोष्टी केल्या. एका पेन ड्राईव्हवर विंडोज-११चा ताजा इन्स्टॉलर बनवला. त्यातही तीच छोटी विंडोज असते, फक्त नवी. दुसऱ्यावर पप्पांच्या लॅपटॉपच्या मॉडेलचे स्टोरेज ड्रायव्हर उतरवून घेतले. इथे लोक हमखास अडकतात. ड्रायव्हर सहसा एक्झी फाईल म्हणून मिळतो, आणि ती पेन ड्राईव्हवर तशीच टाकून नेली तर उपयोग नाही. ती उलगडून आतली फोल्डरं घ्यावी लागतात, ज्यात आयएनएफ आणि सिस या नावाने संपणाऱ्या फाईली असतात. त्या फोल्डराच्या नावात अजूनही ‘एफ-६’ आणि ‘फ्लॉपी’चं संक्षिप्त रूप आहे. विंडोज एक्सपी टाकताना अनोळखी डिस्कसाठी एफ-६ दाबायचा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची, तेव्हापासूनचं. फ्लॉपी गेली, नाव राहिलं.

पहाटे स्वारगेटवरून एसटी पकडली. अर्ध्या तिकिटात पूर्ण वेळ उभी. खंबाटकीपर्यंत पाऊस होता. पर्समध्ये दोन पेन ड्राईव्ह आणि वायरचा माऊस. वाटेत एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते आणि ती आठवत नव्हती.

*

घरी पोचले तेव्हा पप्पा टेबलापाशीच बसलेले. लॅपटॉप मध्यभागी, बाजूला ठेवलेला चहा गार झालेला. “आधी खाऊन घे,” आई म्हणाली. मी चहा तेवढा घेतला.

इन्स्टॉलरवरून बूट केलं. भाषा विचारणाऱ्या पहिल्या पानावर शिफ्ट आणि एफ-१० दाबलं की काळी खिडकी उघडते. डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क. फक्त पेन ड्राईव्ह. अपेक्षितच होतं.

दुसरा पेन ड्राईव्ह लावला. डीआरव्हीलोड म्हणून एक कमांड आहे; तिला आयएनएफ फाईलचा पत्ता द्यायचा, ती चालू असलेल्या छोट्या विंडोजला नवी ओळख शिकवते. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही. पप्पा माझ्याकडे बघत होते, मी स्क्रीनकडे. मग लक्षात आलं, फोल्डरं दोन होती, व्हीएमडीचं आणि बिगर-व्हीएमडीचं, आणि मी दुसऱ्यात शिरले होते. पत्ता बदलला. यशस्वी, असा एका ओळीचा निरोप आला.

पुन्हा लिस्ट डिस्क.

डिस्क ०. ४७६ जीबी.

“पाचशे बारा होती ना?” पप्पा म्हणाले. हिशोबी माणूस.

“तीच आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज एक हजार चोवीसच्या. वस्तू तेवढीच.”

ते पहिल्यांदा हसले. “आमच्यात याला वजनात मारणं म्हणतात.”

मग सी ड्राईव्ह उघडायला गेले आणि वाटेत जी गोष्ट आठवत नव्हती ती समोर आली. ड्राईव्ह कुलूपबंद होता. विंडोज-११ने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हाच डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवली होती. लॅपटॉप चोरीला गेला तर हे उत्तम. पण बाहेरच्या पेन ड्राईव्हवरून आलेला प्रत्येक जण तिच्या दृष्टीने चोरच, मालकाची पोरगीसुद्धा. किल्ली म्हणजे ४८ आकडे. ती ज्या ऑनलाईन खात्यात जपलेली असते, त्या खात्याचा पासवर्ड पप्पांना आठवेना, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर त्यांनी मध्यंतरी बदललेला. मी दिवाळीत त्या किल्लीचा फोटो काढून ठेवला होता. तो माझ्या जुन्या फोनमध्ये. तो फोन मी विकला होता.

मी काही बोलले नाही. एवढ्या लांब येऊन डिस्क दिसली, आणि दार बंद.

“ते सहा-सहाचे आकडे का?” पप्पा म्हणाले. “आठ वेळा?”

ते उठून आतल्या खोलीत गेले. कपाटाचा आवाज आला. बाहेर आले ते एक जुनी नोंदवही घेऊन. गॅस नंबर, एलआयसीच्या पॉलिसी, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, आणि शेवटच्या पानावर, तारखेसह, “लॅपटॉपची किल्ली”. खाली आठ ओळी, प्रत्येकी सहा आकडे. दिवाळीत मी फोटो काढत होते तेव्हा त्यांनी शेजारी बसून उतरवून घेतलं होतं. मला आठवलं, तेव्हा मी म्हणाले होते, “अहो, फोटो काढलाय ना. कशाला लिहिताय?”

पानाला एका बाजूने ओल लागलेली. आणि पप्पा आकडे मराठीत लिहितात. पाचव्या ओळीत एका जागी १ आहे की ९ हे कळत नव्हतं. देवनागरीतले हे दोन आकडे तसेही सख्खे भाऊ, त्यात शाई पसरलेली.

“दोन्ही घालून बघ की.”

तेही चाललं असतं. पण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती पप्पांना सांगावीशी वाटली. “या किल्लीतला प्रत्येक सहाचा गट ११ने भागला जातो. लिहिताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून तसा बनवतात.”

पप्पांनी चष्मा चढवला. खरे आकडे इथे देत नाही, पण समजा गट होता ४०७, मग तो शंकेचा आकडा, मग २४. त्यांना कागद लागला नाही. “एक सोडून एक. चार, सात, दोन, तेरा. दुसरीकडे शून्य आणि चार, आणि मधला. नऊ धरला तर तेरा. तेरा वजा तेरा, शून्य. जातो.” थोडं थांबून, “एक धरला तर पाच. तेरातून पाच गेले आठ. नाही जात. नऊ आहे.”

मग उरलेल्या सातही ओळी त्यांनी बोटाने तपासल्या, प्रत्येकीला “जातो” म्हणत. ४८ आकडे ते वाचत गेले आणि मी टाईप करत गेले. लहानपणी ते बिलं वाचायचे आणि मी कॅल्क्युलेटर दाबायचे, तसं.

एंटर दाबलं. कुलूप उघडलं.

*

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. टॅलीचं डेटा फोल्डर आधी एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं, मग त्याची आणखी एक प्रत पेन ड्राईव्हवर, मग माझ्या लॅपटॉपवर उघडून १७ तारखेच्या आधीच्या रात्रीची शेवटची नोंद डोळ्याने बघितली. हे झाल्यावरच दुरुस्तीला हात लावला. विंडोज धड होती, फक्त बूटची माहिती बिघडली होती. ती नव्याने लिहायला एक ओळ पुरते. लॅपटॉप सुरू झाला, एकदा ती ४८ आकड्यांची किल्ली पुन्हा मागितली, आणि पप्पांचा विठोबाचा वॉलपेपर आला. ज्या बॅकअपचा मी एवढा डौल मिरवला होता तो शेवटपर्यंत लागलाच नाही.

सोमवारी भाऊ आला, राखी झाली, आणि पप्पा टेबलावरून उठले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला एकतिसावं ३बी गेलं.

निघायच्या आधी मी नवा रिकव्हरी पेन ड्राईव्ह बनवला, या वेळी त्याच लॅपटॉपवर, म्हणजे त्या लॅपटॉपचे ड्रायव्हर त्यात आपोआप गेले. मग पप्पांना समोर बसवून त्यावरून बूट केलं. टचपॅड चालला. यादीत डिस्क दिसली. बॅकअपमधून एक फाईल परत काढून उघडली. ते सगळं त्यांनी मला बाजूला सारून स्वतः पुन्हा केलं.

“पप्पा,” मी म्हणाले, “वही परत सुरू करायची असेल तर करा.”

“सगळी नको. डोळे दुखतात खरंच.” नोंदवही मिटत ते म्हणाले. “पण ही राहू दे.”

मी ज्याला दोनदा लिहिणं म्हणत होते, ते त्यांच्यासाठी दोनदा नव्हतं हे मला त्या पानावर कळलं. माझा फोटो काढून झाल्यावर मी तो विसरले होते. त्यांनी लिहिलं, तारीख घातली, कुठे ठेवलं ते लक्षात ठेवलं, आणि लागलं तेव्हा उठून घेऊन आले. आमच्या ऑफिसात याच्यासाठी मोठमोठी डॉक्युमेंटं आहेत.

आता दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी घरच्या ग्रुपवर पप्पांचा मेसेज येतो. गुड मॉर्निंगची फुलं आणि काकूंच्या सुविचारांच्या मधे. ते पेन ड्राईव्ह लावतात, त्यावरून बूट करतात, यादी बघतात, बंद करतात. मेसेज दोनच शब्दांचा असतो.

“डिस्क दिसली.”

मी अंगठा टाकते आणि ऑफिसला निघते.